कॉन्फरन्सचा लोगो आणि किट: आधी अर्थ, मग चिन्ह, बॅग सगळ्यात शेवटी

दरवेळी तेच होतं. कॉन्फरन्सला चार महिने राहिलेले असतात, कोणीतरी ग्रुपवर टाकतं "अरे लोगोचं काय?", एखाद्या विद्यार्थ्याला फोटोशॉप येतं म्हणून काम त्याच्या गळ्यात पडतं, तो एका रात्रीत पृथ्वीचा गोळा, त्यात मेंदू आणि मेंदूतून निघणाऱ्या रेषा असं काहीतरी बनवून देतो, तीच जेपीजी बॅगवाल्याकडे जाते, आणि मग स्मरणिकेत "लोगोमागची संकल्पना" या नावाने अर्धं पान भरायची वेळ येते तेव्हा सगळे मिळून अर्थ शोधायला बसतात. निळा म्हणजे ज्ञान, हिरवा म्हणजे वाढ, गोल म्हणजे वैश्विकता. हे अर्धं पान मी स्वतः तीनदा लिहिलंय, त्यामुळे हसायचा हक्क आहे मला.

मागून चिकटवलेला अर्थ बघणाऱ्याला लगेच कळतो, आणि वस्तू छापताना तर तो सगळ्यात आधी गळून पडतो, कारण लोगोतलं काय ठेवायचं आणि काय काढलं तरी चालेल हे कोणालाच माहीत नसतं. म्हणून क्रम महत्त्वाचा. खाली जसे टप्पे दिलेत त्याच क्रमाने करा, मधला टप्पा गाळू नका. उदाहरणासाठी बोलीभाषांवरच्या एका परिषदेचा लोगो घेतोय, त्या कमिटीत मी होतो आणि जवळजवळ सगळ्या चुका आम्ही तिथेच करून बसलो.

## तयारी: डिझायनरला फोन करायच्या आधी

चार गोष्टी कागदावर हव्यात.

एक, लोगो कुठे कुठे लागणार त्याची यादी. वेबसाईट, बॅनर, बॅज, लॅनयार्ड (बॅज अडकवायची गळ्यातली पट्टी), बॅग, टी-शर्ट, पेन, सर्टिफिकेट, स्लाईडचा कोपरा. यातली सगळ्यात छोटी जागा कोणती ते गोल करून ठेवा, बहुतेक वेळा ती पेन किंवा ब्राउझरच्या टॅबमधला आयकॉन असतो.

दोन, निर्णय कोण घेणार. दोघं किंवा तिघं, बस. वीस जणांच्या ग्रुपवर पोल टाकलात की सगळ्यांना थोडं थोडं आवडणारा आणि कशाचाच अर्थ नसलेला लोगो निवडून येतो, हे मी लिहून देतो.

तीन, यजमान संस्थेचे आणि ज्या संघटनेच्या नावाखाली परिषद होतेय तिचे लोगोबद्दलचे नियम. किती जागा मोकळी सोडायची, कुठल्या बाजूला लावायचा, रंग बदलायला परवानगी आहे का. हे शेवटी कळलं तर सगळं लेआउट मोडतं.

चार, तारखा. वस्तू हातात येण्याची तारीख परिषदेच्या निदान दोन आठवडे आधी धरा, तिथून उलटं मोजत छपाई, सॅम्पल, प्रूफ, फायनल फाईल असं मागे या. सॅम्पलसाठी वेगळा आठवडा ठेवलाच पाहिजे, घाईत सगळे तोच कापतात.

## टप्पा १: एक वाक्य लिहा

लोगो काय सांगणार ते एका वाक्यात लिहा. त्या वाक्यात "ज्ञान", "नवोन्मेष", "सहकार्य", "भविष्य" हे शब्द येता कामा नयेत, कारण ते जगातल्या कुठल्याही परिषदेला लागू पडतात. वाक्य तुमच्या विषयातलं विधान हवं, असं की त्या विषयातला माणूस "हो, हे आमचंच" म्हणेल आणि जमलं तर एखादा वादही घालेल.

आमचं वाक्य होतं: "बोली एका रेषेवर येऊन संपत नाहीत, गावागणिक थोड्या थोड्या बदलत जातात." बोलींचा अभ्यास करणाऱ्याला हे पाठच असतं, बाहेरच्यालाही समजतं, आणि मुख्य म्हणजे यात काहीतरी दिसण्यासारखं आहे, हळूहळू होणारा बदल.

तपासा: वाक्यातलं तुमच्या विषयाचं नाव काढून दुसऱ्या विषयाचं टाकून बघा. तरीही वाक्य चालत असेल तर फेकून द्या, नवीन लिहा.

## टप्पा २: चिन्ह शोधा, आणि पहिली तीन सोडून द्या

पहिल्यांदा जे सुचतं ते सगळ्यांनाच सुचलेलं असतं. बल्ब, मेंदू, गिअर, पृथ्वी, हातात हात, उघडं पुस्तक, डीएनए, ठिपके जोडणाऱ्या रेषा. यातलं काही वाईट आहे असं नाही, पण मागच्या पाच वर्षांतल्या तुमच्याच विषयातल्या परिषदांचे लोगो एका पानावर शेजारी शेजारी चिकटवून बघा, आपोआप कळेल.

वाक्यातलं क्रियापद पकडा, नाम नको. आमच्याकडे नाम होतं "बोली", त्यावरून सगळ्यांनी तोंड, जीभ, संवादाचा फुगा असं काढलं. क्रियापद होतं "बदलत जातात", त्यावरून एकीने आठ आकारांची ओळ काढली, डावीकडे गोल, उजवीकडे चौकोन, मधले सहा टप्प्याटप्प्याने गोलाचे चौकोन होणारे. शेजारच्या दोघांत फरक जाणवत नाही, टोकाच्या दोघांत पूर्ण फरक. बोलींचं नेमकं असंच असतं.

अर्थ आणि आकार खरोखर एक झाल्याचं उदाहरण बघायचं असेल तर आंतरराष्ट्रीय गणित संघाचा लोगो बघा, २००६ साली माद्रिदच्या गणितज्ञांच्या परिषदेत तो जाहीर झाला. त्यात बोरोमियन कड्या आहेत. तीन कड्या अशा गुंतलेल्या की कुठल्याही दोन एकमेकींत अडकलेल्या नाहीत, तरी तिन्ही मिळून सुटत नाहीत, आणि एक काढली की उरलेल्या दोन आपोआप मोकळ्या. एकमेकांवाचून चालत नाही हे सांगायला वेगळं वाक्य लागतच नाही, आणि कड्या स्वतः गणिताचा विषय आहेत.

इशारा: एआयकडून चित्र काढून घेतलं असेल तर ते फक्त कल्पना म्हणून ठेवा. त्यातून बहुतेकदा पिक्सेलची फाईल मिळते, जवळून बघितलं तर गिअरचे दात एकमेकांत बसत नाहीत आणि अक्षरं अर्धवट असतात. शेवटी कोणालातरी ते व्हेक्टरमध्ये, म्हणजे कितीही मोठं केलं तरी न फाटणाऱ्या रेषांच्या फाईलमध्ये, नव्याने काढावंच लागतं.

## टप्पा ३: विषयातल्या खडूस माणसाला दाखवा

हा टप्पा सगळ्यात जास्त वेळा गाळला जातो आणि सगळ्यात जास्त हसं इथेच होतं, कारण तुमचे पाहुणे त्या विषयातले तज्ज्ञ आहेत आणि तीन दिवस तो लोगो गळ्यात घालून फिरणार आहेत. चहाच्या रांगेत त्यांना दुसरं काम काय?

नेहमी सापडणाऱ्या चुका:

डीएनए डावखुरा काढणं. पेशीत नेहमी आढळणारा डीएनए उजव्या पिळाचा असतो. ओळखायची खूण सोपी आहे, शिडी उभी धरली की समोरच्या बाजूची पट्टी खाली डावीकडून वर उजवीकडे चढताना दिसली पाहिजे, साध्या स्क्रूच्या आट्यांसारखी. चित्र उलटं फिरवलं, म्हणजे डोकं खाली पाय वर केलं, तर पीळ बदलत नाही, पण आरशासारखं फ्लिप केलं की लगेच डावा होतो. एका परिषदेत आमची मूळ फाईल अगदी बरोबर होती, पण बॅनरच्या दोन्ही टोकांना लोगो लावताना डिझायनरने सिमेट्रीसाठी एका बाजूचा फ्लिप केला. उद्घाटनाच्या फोटोत डावीकडे बरोबर डीएनए, उजवीकडे चुकीचा, आणि मधे आम्ही हसत उभे. झेड-डीएनए नावाचा डावखुरा प्रकार खरंच असतो, अशी सारवासारव मी करून बघितली, पण कोणी ऐकलं नाही.

तीन गिअर एकमेकांत अडकवणं. त्रिकोणात तीन चाकं, प्रत्येकाचे दात दुसऱ्या दोघांत. हे यंत्र फिरूच शकत नाही, कारण शेजारची दोन चाकं नेहमी विरुद्ध दिशांना फिरतात आणि तिसऱ्याला एकाच वेळी दोन्हीकडे फिरावं लागेल. बंद साखळीत विषम संख्या आली की जॅम. "उद्योग, शिक्षण आणि शासन यांचा समन्वय" म्हणून हे चित्र काढलं जातं आणि त्याचा खरा अर्थ होतो की तिघांनी मिळून काम ठप्प केलंय. चार घ्या, नाहीतर तीनच हवेत तर ओळीत लावा.

सापांची संख्या. वैद्यकाचं चिन्ह म्हणजे एक काठी आणि तिला गुंडाळलेला एक साप, ती ग्रीकांच्या वैद्यकदेवाची, अ‍ॅस्क्लेपियसची काठी, जागतिक आरोग्य संघटनेच्या चिन्हातही तीच आहे. दोन साप आणि वर पंख असतील तर तो कॅड्यूसियस, हर्मिसचा दंड, आणि हर्मिस हा व्यापाराचा आणि निरोप्यांचा देव. अमेरिकी लष्कराच्या वैद्यकीय विभागाने १९०२ मध्ये तो घेतला आणि गोंधळ पसरला. वैद्यकाच्या परिषदेत दोन साप लावले तर चालून जातं, पण कोणीतरी येऊन सांगणारच.

बाकीची फुटकळ यादी. चंद्रकोरीच्या दोन टोकांच्या मधे चांदणी, म्हणजे चंद्राच्या अंधाऱ्या भागाच्या आरपार दिसणारी. कार्बनला पाच बंध, असतात चारच. पियानोच्या काळ्या पट्ट्या एकसारख्या अंतरावर, खरं तर दोन आणि तीनचे गट असतात. समावेशकतेवरच्या परिषदेत साध्या शाईने सपाट छापलेली ब्रेल, म्हणजे ज्याच्यासाठी ती आहे त्याच्या बोटाला काहीच लागत नाही.

आमच्या आठ आकारांचं काय झालं सांगतो. खडूस म्हणून ज्या बाईंना दाखवलं त्यांनी दहा सेकंद बघितलं आणि विचारलं, "पहिला कोणता? गोल ही मूळ भाषा आणि चौकोन ही बिघडलेली, असं म्हणायचंय का?" डावीकडून उजवीकडे वाचणाऱ्याला कुठलीही ओळ प्रगती किंवा अधोगती म्हणूनच दिसते, आमच्यातल्या कोणाच्याही ते डोक्यात आलं नव्हतं, आणि बोलींच्या परिषदेत "शुद्ध बोली कुठली" असं सुचवणारा लोगो म्हणजे कपाळमोक्ष. मग ओळ मोडून आठ आकार वर्तुळात बसवले, वर गोल, खाली चौकोन, एका बाजूने तीन आकार उतरतात, दुसऱ्या बाजूने तीन चढतात. आता कोणी पहिला नाही, कोणी शेवटचा नाही. वाक्य तेच राहिलं, चिन्ह सुधारलं.

तपासा: विषयाबाहेरच्या पाच जणांना दाखवा आणि "आवडला का?" असं चुकूनही विचारू नका. "काय दिसतंय?" एवढंच विचारा. उत्तरं गप्प बसून लिहून घ्या, समजावायला जाऊ नका, कारण बॅगेबरोबर समजावणारा माणूस मिळत नाही.

इशारा: काही चिन्हं वापरताच येत नाहीत. पांढऱ्यावर लाल क्रॉस हे जिनिव्हा करारांखाली संरक्षित चिन्ह आहे, आरोग्याचं सर्वसाधारण चिन्ह नाही. संयुक्त राष्ट्रांचं चिन्ह आणि नाव १९४६ च्या आमसभेच्या ठरावाने राखलेलं आहे, परवानगीशिवाय चालत नाही. ऑलिंपिकच्या पाच कड्यांसाठी १९८१ चा नैरोबी करार आहे. पाच खंडांतून पाहुणे येणार म्हणून पाच रंगीत कड्या हा विचार कितीही गोड वाटला तरी सोडा. सीमारेषा दाखवणारे नकाशेही टाळा, कुठल्या ना कुठल्या पाहुण्याची सीमा त्यात चुकलेली असते.

## टप्पा ४: काळ्या रंगात, नखाएवढा

रंगाला हात लावायच्या आधी लोगो नुसत्या काळ्या रंगात काढा. छटा नाही, सावली नाही, ग्रेडियंट नाही. अर्थ इथे टिकला तर पुढे कुठेही टिकेल.

मग एक सेंटिमीटर रुंदीचा प्रिंट काढा आणि हात लांब करून बघा. त्याच प्रिंटची फोटोकॉपी काढा, त्या कॉपीची अजून एक कॉपी काढा. जे गेलं ते लोगोत नकोच होतं, किंवा ते जाड करायला हवं.

आमचे आठ आकार एक सेंटिमीटरला आठ ठिपके झाले, गोल कुठला चौकोन कुठला काही कळेना. यावर उपाय लोगो मोठा छापणं हा नाही, कारण पेन मोठं होत नाही. छोट्या जागेसाठी वेगळी आवृत्ती करा. आम्ही तीन केल्या: पूर्ण वर्तुळ, मधल्या जागांसाठी चारच आकार (गोल, अर्धामुर्धा, चौकोन, परत अर्धामुर्धा), आणि ब्राउझरच्या टॅबसाठी फक्त तो अर्धामुर्धा आकार, धड गोल नाही धड चौकोन नाही. गंमत म्हणजे लोकांना तोच सगळ्यात जास्त लक्षात राहिला.

## टप्पा ५: रंग

रंगावर अर्थ टाकू नका, रंग आकाराला मदत करू दे. लाल-हिरवा फरक न कळणारे बरेच जण असतात, उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत तर हे प्रमाण साधारण ८ टक्के धरतात, आणि शास्त्रीय परिषदेत "लाल गट, हिरवा गट" अशी खूण लोगोत किंवा बॅजवर ठेवली तर काही पाहुण्यांसाठी ती नाहीच. आमच्या पहिल्या मसुद्यात गोल लाल, चौकोन हिरवा आणि मधे सगळ्या छटा होत्या, स्क्रीनवर सुंदर दिसायचं, काळ्यापांढऱ्यात केलं की सगळं एकच राखाडी. शेवटी एकच गडद रंग ठेवला आणि बदल दाखवायचं काम आकारावर सोडलं.

लोगो आणि पार्श्वभूमी यांच्यातला कॉन्ट्रास्ट निदान ३:१, आणि बारीक अक्षरं असतील तिथे ४.५:१, हे वेब अ‍ॅक्सेसिबिलिटीचे आकडे छापील वस्तूंनाही वापरा, नेटवर फुकट मोजता येतात.

स्क्रीनवरचा झगमगीत निळा किंवा पोपटी कागदावर तसा येत नाही, कारण स्क्रीन आरजीबीत (लाल, हिरव्या, निळ्या प्रकाशात) दाखवते आणि छपाई सीएमवायकेत (चार शायांत) होते, तिथे तेवढे चमकदार रंग नसतातच. रंग तंतोतंत हवा असेल तर पॅन्टोन नंबर, म्हणजे ठरलेल्या रंगाचा छपाईतला क्रमांक, ठरवा आणि फाईलमध्ये लिहा. बॅगवाला, टी-शर्टवाला आणि बॅनरवाला वेगळे असतील तर नंबराशिवाय तीन वेगळे निळे येणार, दरवेळी येतात.

अजून एक, रंगांचे अर्थ सगळीकडे सारखे नसतात, शोकाचा रंगही देशागणिक बदलतो, म्हणून "पांढरा म्हणजे शांती" छापाची वाक्यं आंतरराष्ट्रीय परिषदेच्या स्मरणिकेत लिहू नका.

## टप्पा ६: अक्षरं आणि वर्ष

परिषदेचं पूर्ण नाव लोगोत कोंबू नका. संक्षेप लोगोत, पूर्ण नाव बाजूला किंवा खाली, वेगळं काढता येईल असं.

देवनागरी असेल तर दोन ठिकाणी डोळे उघडे ठेवा. छपाईवाल्याच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये फाईल उघडली की जोडाक्षरं फुटतात आणि ऱ्हस्व वेलांटी भलत्याच अक्षरावर जाते, "परिषद"ची वेलांटी "ष"वर बसलेली मी बॅनरवर बघितलीय. आणि बऱ्याच फॉन्टमध्ये ल आणि श मराठी वळणाचे नसून हिंदी वळणाचे येतात, फॉन्टमध्ये मराठी रूपं असतात पण भाषा मराठी निवडल्याशिवाय लागत नाहीत.

समीकरण छापणार असाल तर फॉन्ट बदलल्यावर घातांक खाली उतरतो का ते बघा. टी-शर्टवर "एमसी स्क्वेअर"चा २ सरळ ओळीत आला की तो "एमसी दोन" होतो.

वर्षाबद्दल माझं ठाम मत आहे, वर्ष बॅजवर आणि सर्टिफिकेटवर घाला, बॅगेवर आणि मगवर नको. २०२० मध्ये किती परिषदा पुढे गेल्या किंवा ऑनलाईन झाल्या आठवा. टोकियो ऑलिंपिक तर २०२१ मध्ये "२०२०" नावानेच झालं, पण त्यांच्याएवढं नाव आपलं नसतं.

## टप्पा ७: वस्तू निवडा

आता बॅग. आणि इथे पहिला प्रश्न "काय स्वस्त पडेल?" हा नसतो. टप्पा १ मधलं वाक्य या वस्तूवर खरं राहतं का, हे आधी विचारा. हवामान बदलाच्या परिषदेत प्रत्येकाला प्लॅस्टिक फोल्डर, त्यात प्लॅस्टिक पेन आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला मग, हा सुद्धा एक संदेशच आहे, आणि लोगोपेक्षा मोठ्याने ऐकू येतो.

बॅज. याचं काम नाव दाखवणं, लोगो दाखवणं नाही. ए६ म्हणजे १०५ × १४८ मिलिमीटर घ्या, नाव दोन मीटरवरून वाचता यावं, लोगो नावापेक्षा लहान. दोन्ही बाजूंना नाव छापा, बॅज उलटा फिरतोच, आणि मग तीन दिवस लोक एकमेकांच्या पोटावर कोरा कागद वाचत असतात.

लॅनयार्ड. पट्टी १५ किंवा २० मिलिमीटर रुंद, म्हणजे लोगोला हाती उरते जेमतेम १२ ते १५. नुसतं चिन्ह घ्या, अक्षरं नको. बहुतेक ठिकाणी छोटा तुकडा बनवून तोच पट्टीभर रिपीट करतात, पण सब्लिमेशनने (उष्णतेने शाई कापडात उतरवून) छापत असतील तर पूर्ण लांबीचं एकच चित्र जातं, आधी विचारा. आमच्या परिषदेत खरी मजा इथे आली, ९० सेंटिमीटरच्या पट्टीवर आठाऐवजी साठ आकार मावले, गोलापासून चौकोनापर्यंत आणि परत गोलापर्यंत, आणि गळ्यात घातल्यावर पट्टीचा फास म्हणजे आपोआप वर्तुळ. फक्त हुकापाशी जिथे दोन टोकं शिवतात तिथे दोन्हीकडचे आकार जुळले पाहिजेत, शिवणीत साधारण दोन आकार गिळले जातात हे पहिल्या सॅम्पलमध्ये कळलं, मग फाईलमध्ये दोन्ही टोकांना तेवढी जास्तीची पट्टी सोडली.

लॅनयार्डच्या रंगाला आधीच कामं असतात, स्वयंसेवक कोण, वक्ते कोण, काही परिषदांत "माझा फोटो काढू नका" हेसुद्धा पट्टीच्या रंगानेच सांगतात. लोगोचा रंग ठरवताना हे लक्षात असू द्या, नाहीतर लोगोही लाल आणि फोटो नको म्हणणारेही लाल. आणि रंगाबरोबर शब्द किंवा आकारही द्या, कारण वर सांगितलंय तेच.

टी-शर्ट. थोडे रंग, जास्त नग असतील तर स्क्रीन प्रिंटिंग, प्रत्येक रंगाला वेगळी स्क्रीन लागते म्हणून एकरंगी लोगोचा इथे फायदा. गडद कापडावर हलका रंग हवा तर खाली पांढरा थर द्यावा लागतो. सब्लिमेशन पॉलिस्टरवर आणि फिक्या रंगावरच नीट बसतं, त्यात पांढरी शाई नसते, सुती कापडावर दोन धुण्यांत अर्थ वाहून जातो. मापं रजिस्ट्रेशनच्या फॉर्ममध्येच विचारा.

भरतकाम. टोपी किंवा जॅकेटवर. पाच मिलिमीटरपेक्षा लहान अक्षर धाग्यात बुजतं, ग्रेडियंट तर विसराच. भरतकामाच्या मशीनला वेगळी फाईल बनवावी लागते, नुसती पीडीएफ पाठवून होत नाही.

पेन. एक रंग, एक चिन्ह, संपलं.

कीचेन आणि इतर. कड्यांसारखं चिन्ह त्रिमितीत बनवणार असाल तर आधी बनवता येतं का बघा. बोरोमियन कड्या कागदावर तीन गोलांच्या काढता येतात, पण प्रत्यक्षात तीन सपाट पूर्ण गोल कड्या तशा गुंतवताच येत नाहीत, लंबगोल कराव्या लागतात. आणि टोकदार वस्तू देऊ नका, परतीच्या विमानात हँड बॅगेतून त्या काढून घेतात.

इशारा: प्रायोजकांचे लोगो वेगळ्या बाजूला. परिषदेच्या चिन्हाभोवती त्याच्या उंचीच्या निदान चौथ्या भागाएवढी जागा मोकळी हवी. बॅगेच्या एकाच बाजूला बारा लोगो असतील तर तुमचा तेरावा.

## टप्पा ८: फाईल, प्रूफ, सॅम्पल

छपाईला व्हेक्टर फाईल द्या, एआय (इलस्ट्रेटरची फाईल, चित्र काढणारं एआय नव्हे), सीडीआर, ईपीएस किंवा पीडीएफ. त्याआधी सगळी अक्षरं कर्व्ह करा, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार बनवा, मग फॉन्ट नसला तरी काही फुटत नाही, पण कर्व्ह न केलेली मूळ फाईल वेगळी जपून ठेवा, नाहीतर स्पेलिंग दुरुस्त करता येणार नाही. फोटो असतील तर ३०० डीपीआय, कागदी वस्तूंना चारी बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापताना जाणारी जास्तीची छपाई. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून लोगो पाठवू नका, तो दाबून छोटा करतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा ड्राइव्हची लिंक द्या.

फाईलच्या नावात "फायनल" लिहू नका. "फायनल २", "फायनल नक्की", "फायनल खरंच" यातली चुकीचीच छापली जाते. तारीख लिहा.

प्रूफ स्क्रीनवर आलं की हे बघा:
- लोगो फ्लिप झालेला नाही ना (अक्षरं नसलेल्या चिन्हात हे कोणाच्याच लक्षात येत नाही)
- संक्षेप, शहर, तारखा, वेबसाईटचा पत्ता, एकेक अक्षर, उलटीकडून वाचून
- पॅन्टोन नंबर फाईलमध्ये आणि ऑर्डरमध्ये सारखाच
- लोगोचं माप मिलिमीटरमध्ये लिहिलंय, "मध्यम" असं नाही
- क्यूआर कोड दोन वेगळ्या फोनवर उघडतो

मग सॅम्पल. खरं, हातात धरता येणारं, त्याच कापडावर, त्याच शाईने. ते धुवा, घासा, उन्हात ठेवा. सॅम्पलवर सही करूनच पूर्ण ऑर्डर सोडा. "वेळ नाही, फोटो पाठवतो" असं पलीकडून आलं तर नग कमी करा, वस्तू गाळा, पण सॅम्पल गाळू नका.

## टप्पा ९: अर्थाची चिठ्ठी

स्मरणिकेतलं ते अर्धं पान आता दहा मिनिटांत होतं, कारण लिहायला खरं काहीतरी आहे. साठ-सत्तर शब्द पुरतात: वाक्य, चिन्हात काय दिसतं, ते तसं का, कोणी काढलं. "प्रतीक आहे" हा शब्दप्रयोग जास्तीत जास्त एकदा. आमची चिठ्ठी अशी होती:

"वर्तुळात आठ आकार आहेत. शेजारच्या दोन आकारांत फरक शोधावा लागतो, सगळ्यात वरच्या आणि सगळ्यात खालच्या आकारांत तो लगेच दिसतो. बोलीही अशाच बदलतात. वर्तुळाला सुरुवात नाही, कारण कुठलीच बोली मूळ किंवा बिघडलेली नसते. गळ्यातल्या पट्टीवर हाच बदल साठ आकारांत आहे, तुमचं बोट कुठेही ठेवा आणि पुढे सरकवा."

ही चिठ्ठी बॅजच्या मागे छापायची नाही, तिथे नाव आहे. बॅगेत वेगळा कागदही नको, तो पहिल्या दिवशी कचऱ्यात जातो. वेबसाईटवर आणि स्मरणिकेत ठेवा, आणि रजिस्ट्रेशनच्या टेबलवरच्या मुलांना तोंडी सांगून ठेवा, कारण विचारलं त्यांनाच जातं.

परिषद संपली की एका फोल्डरमध्ये मूळ फाईल, कर्व्ह केलेली फाईल, तिन्ही आवृत्त्या, पॅन्टोन नंबर, फॉन्टचं नाव आणि लायसन्स, चिठ्ठी, आणि चुकलेल्या सॅम्पलचे फोटो टाकून पुढच्या वर्षीच्या टीमला द्या. चुकलेल्या सॅम्पलचे नक्की द्या. आमच्या फोल्डरमधला शिवणीत अडकलेल्या दोन आकारांचा फोटो बघून पुढच्या टीमचा पहिल्याच दिवशी फोन आला, "टोकांना किती जागा सोडली होती?"